पत्र्यावरचा हात

एकतीस वर्षं मी ठाणं काचेतून बघितलं.
माणसं दिसायची ती कमरेपासून वरची.
पाय खाली कुठेतरी असणारच,
एवढं गृहीत धरून
मी हॉर्न वाजवायचो.

आता पोखरण रोडच्या कडेला उभा आहे.
गुडघ्याला पट्टा, खिशात डॉक्टरची चिठ्ठी,
समोर मेडिकल.
मधे बावीस पावलं. मोजलीत मी.
सिग्नल देतो चौदा सेकंद,
आणि नवव्यालाच तो हिरवा माणूस
पळायला लागतो.
त्याला काय, त्याला गुडघे नाहीत.

पांढरे पट्टे आहेत.
होते म्हणा.
आता पोळपाटावर उरलेल्या पिठाएवढे.
त्यावर एक रिक्षा उभी, तिच्यामागे एक डंपर,
आणि डंपरच्या पाठीवर लिहिलंय
सावकाश जा, घरी कोणी वाट बघतंय.
माझ्या घरी कोणी बघत नाही
पण ते डंपरला काय माहीत.

येऊरहून एक बाई उतरायची.
सोमी. नाव कंडक्टर तावड्याला ठाऊक होतं,
तो तिच्या टोपलीचंही तिकीट फाडायचा.
पावसात करटोली, थंडीत आवळे,
मधल्या दिवसांत नुसता पळसाच्या पानांचा भारा.
नाक्यावर उतरली की बसच्या पुढूनच जायची,
माझ्याकडे न बघता,
आणि जाताना
काचेखालच्या पत्र्यावर हात ठेवायची.
बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा.
थांब रं, जरासा.

मला राग यायचा.
दहा टनाची गाडी माझी,
आणि ही तिला चुचकारते.
एकदा ओरडलोच,
काय गं, रस्ता बापाचा आहे का?
ती टोपली सावरत म्हणाली,
बापाचाच व्हता.
हितं करवंदीच्या जाळ्या व्हत्या.

मग एकदा फेरीला उशीर झालेला.
डेपोत साहेब घड्याळ घेऊन बसलेले.
तिचा हात पत्र्यावरून निघायच्या आत
मी क्लच सोडला.
फार नाही, वीतभर.
ती वाचली. टोपली कलंडली.
आवळे रस्ताभर घरंगळले,
आणि मी निघालो.

चाकाखालचा एवढासा आवाज
सीटपर्यंत येत नाही, असं आम्ही मानायचो.
आला.
दोनदा.

निवृत्त झालो तेव्हा शाल दिली, नारळ दिला,
विनाअपघात सेवेचं प्रमाणपत्र
फ्रेम करून दिलं.
त्यात आवळे धरत नाहीत.

आज अकरा वाजता उतरलो एकदाचा रस्त्यात.
तेराव्या पावलाला सिग्नल सुटला.
डावीकडून एक पांढरी गाडी
वीत वीत पुढे सरकत आली.
वीत मला कळते.

मी काही ठरवलं नव्हतं.
हात आपोआप गेला
तिच्या बोनेटवर.

तापलेला पत्रा.
खाली इंजिन थरथरत होतं,
ते ओळखीचं.
एकतीस वर्षं मी ते आतून ऐकलेलं,
बाहेरून ते इतकं जवळ असतं
हे कधी कळलं नव्हतं.

पोराने काच खाली केली.
काका, पेंट!
म्हणाला, आणि मग पुढचं काही बोलला नाही.
मान लांब करून
बोनेटवरून वाकून बघत राहिला
खाली,
माझ्या चपलांकडे.

मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट मांडला.
तो हलला नाही.
चौदा, पंधरा,
सतराव्याला दम खाल्ला,
तरी हलला नाही.

मेडिकलवाला विचारत होता, काय देऊ?
चिठ्ठी खिशात होती
आणि मी तळहात बघत उभा.
धूळ. कोमट अजून.

सोमीच्या हाताला रोज लागत असणार ही,
माझ्या गाडीची.
त्याच हाताने आवळे मोजायची ती, पाचाचा वाटा,
वर एक जास्तीचा टाकायची.